इंग्रजीच्या तासाला डाव कसा मांडावा

मराठी माध्यमाच्या नववीतल्या कुठल्याही मुलाला उभं करून इंग्रजीत नाव विचारा, गाव विचारा, तो धडाधड उत्तर देईल. आता त्यालाच सांगा, "मला इंग्रजीत एक प्रश्न विचार." वर्ग गार. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. म्हणजे नववीला आलेलं हे मूल आठ वर्षं इंग्रजीच्या तासाला बसलेलं असतं. त्या आठ वर्षांत प्रश्न विचारले ते शिक्षकांनी किंवा पुस्तकाने. मुलाला इंग्रजीतून काही विचारून घ्यायची गरज कधी पडलीच नाही.

मी नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूला एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. वर्गाचा पट साठीच्या पुढे, तास पस्तीस मिनिटांचा, बाकं जड आणि हलवायला जागा नाही. पालक बरेचसे एमआयडीसीत शिफ्टला जाणारे. घरी इंग्रजी कानावर पडतं ते मोबाइलमधून, आणि मोबाइलला कोणी प्रश्न विचारत नाही. नेटवर इंग्रजी शिकवण्याचे जे खेळ सापडतात ते पंधरा मुलं, गालिचा आणि गोल खुर्च्या असलेल्या वर्गासाठीचे असतात. खाली लिहिलेत ते साठ मुलांत चालणारे.

आधी कसोटी. कुठलाही खेळ वर्गात नेण्यापूर्वी स्वतःला विचारा: तोंड न उघडता किंवा मराठीत बोलून हा डाव जिंकता येतो का? येत असेल तर तो स्नेहसंमेलनाला ठेवा. शब्दांच्या चिठ्ठ्या लावून संगीतखुर्ची खेळवणं हे याचं ठळक उदाहरण. पोरं खूश, पर्यवेक्षक खूश, आणि पस्तीस मिनिटांत इंग्रजीचं एक वाक्य कोणाच्या तोंडून निघालेलं नसतं. खेळातली पुढची चाल ज्या वाक्याशिवाय करताच येत नाही, ते वाक्य मुलं शिकतात. म्हणून टाचणात, म्हणजे तासाच्या तयारीच्या वहीत, आधी वाक्यरचना लिहा, मग तिच्यासाठी खेळ शोधा. उलट्या क्रमाने गेलात की तास खेळाचा होतो, इंग्रजीचा नाही.

घंटाचोर

इंग्रजी शिकवणाऱ्यांमध्ये हा खेळ 'अॅलिबाय' नावाने जुनाच आहे. मी तो नाशकात आणला, इतकंच. भूतकाळ आणि 'डिड'चे प्रश्न यांसाठी याच्या तोडीचं दुसरं काही मला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फळ्यावर गुन्हा लिहायचा: रविवारी दुपारी चार ते सहाच्या दरम्यान शाळेची पितळी घंटा चोरीला गेली. बाकांच्या चार रांगा म्हणजे चार पोलीस ठाणी: पंचवटी, भद्रकाली, सरकारवाडा, सातपूर. आपलं ठाणं कोणतं यावरूनच मुलं अर्धी पेटतात. प्रत्येक ठाण्यासाठी दोन संशयित निवडायचे. दोघांचं म्हणणं एकच: घंटा चोरीला गेली तेव्हा आम्ही दोघं सोमेश्वरला होतो. संशयितांना पाच मिनिटं व्हरांड्यात पाठवायचं, तिथे त्यांनी आपली गोष्ट जुळवायची. कशाने गेलो, काय खाल्लं, पैसे कोणी दिले, पाऊस होता का, परत कधी आलो. ही जुळवाजुळव मराठीत झाली तरी चालेल. त्याच वेळी ठाण्यांनी प्रश्न लिहून काढायचे.

मग प्रत्येक ठाण्यात एक संशयित आत, दुसरा बाहेर. पहिल्याची उत्तरं लिहून घ्यायची, त्याला एका कोपऱ्यात बसवायचं, दुसऱ्याला बोलवायचं, तेच प्रश्न पुन्हा. तीन उत्तरं जुळली नाहीत तर दोघं दोषी. ठाण्यातल्या प्रत्येकाने किमान एक प्रश्न विचारल्याशिवाय कोणालाही दुसरा प्रश्न विचारता येणार नाही. हा नियम लावला नाही तर पहिल्या बाकावरचे दोघं सगळी चौकशी उरकतात.

खेळाची किल्ली मात्र पुढच्या नियमात आहे. प्रश्न व्याकरणाने चुकला असेल तर संशयिताला गप्प बसायचा हक्क आहे. त्याने फक्त म्हणायचं, "आय डोन्ट अंडरस्टँड." की तो प्रश्न बाद. "डिड यू वेन्ट बाय बस?" असं कोणी विचारलं की संशयित हसत हसत खांदे उडवतो आणि ठाण्याचा एक प्रश्न वाया जातो. चुका मला काढाव्या लागत नाहीत, आरोपी काढतो, कारण त्यात त्याचा फायदा आहे. आणि पुढचा पोलीस तोच प्रश्न सुधारून विचारतो, कारण त्यात त्याचा. 'डिड'नंतर क्रियापदाचं मूळ रूप हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. संशयिताच्या एका खांदे उडवण्याने ते जास्त पक्कं होतं. निर्णय कोणाला मान्य नसेल तरच माझ्याकडे अपील.

सगळ्यात मजा येते ती पैशांच्या प्रश्नाला. "हू पेड?" दोघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो, कारण खऱ्या आयुष्यातही तसंच चालतं. इथेच थांबून दाखवून द्यायचं की 'हू' स्वतःच कर्ता असेल तर 'डिड' लागत नाही. "हू डिड पे?" म्हणणारं ठाणं दर वेळी एक तरी निघतं. बाकी खाण्याच्या प्रश्नात मिसळ हमखास येते. तिथे खोलात जायला सांगा: "हाऊ मेनी पापड्स डिड यू ईट? वॉज इट रेड ऑर ब्लॅक?" काळ्या मसाल्याची मिसळ खाल्ली असं एक म्हणतो आणि दुसरा लाल रस्सा म्हणून बसतो, तिथे नाशिककर मुलं माफ करत नाहीत.

चांगली तयारी असलेल्या वर्गात चौकशी "व्हॉट वेअर यू डूइंग ॲट फाइव्ह ओक्लॉक?" इथपर्यंत न्या. दहावी असेल तर निकालपत्र लिहून घ्या: "ही सेड दॅट दे हॅड गॉन बाय रिक्षा, बट शी सेड दॅट दे हॅड वॉक्ड." ज्या रिपोर्टेड स्पीचला मुलं घाबरतात ती इथे फिर्याद लिहायच्या ओघात येऊन जाते.

लिलाव

नोटा छापायचा अधिकार नाशिकरोडच्या प्रेसचा, हे मान्य. पण पाठकोऱ्या कागदांवर पन्नास-शंभरच्या नोटा आपण छापल्या तर कोणी हरकत घेणार नाही. प्रत्येक संघाला १००० रुपये. फळ्यावर बारा वाक्यं. काही बरोबर, काही चुकीची, आणि कुठली कशी हे मुलांना माहीत नाही. बरोबर वाक्य विकत घेणारा संघ फायद्यात, चुकीचं घेणारा बुडाला.

वर्गातल्या निम्म्या मुलांचे काका-मामा निफाड, चांदवड, दिंडोरीकडे शेती करतात. ट्रॉलीभोवती व्यापारी उभे राहून बोली कशी चढवतात हे त्यांनी लासलगावला नाहीतर पिंपळगावला पाहिलेलं असतं. त्यामुळे लिलाव कसा करायचा हे शिकवावं लागत नाही. उलट बोली पुकारणारा आवाज कसा काढायचा हे तीच आपल्याला शिकवतात. माल नीट न बघता बोली लावणारा कसा फसतो हेही त्यांना माहीत असतं.

वाक्यं पुस्तकातून घेऊ नका. मुलांच्याच वह्यांतून घ्या, नाव न सांगता. "शी डोन्ट लाइक टी." "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स." "वुई डिस्कस्ड अबाउट द पिकनिक." अशी चूक स्वतःच्या वहीत असल्याची खूण पटते तेव्हा मूल चपापतं आणि बोली थांबवतं. सोबत दोन-तीन अशी टाका की जी चुकीची दिसतात पण बरोबर असतात. "द न्यूज इज गुड" यावर कोणी पन्नाससुद्धा लावत नाही, कारण 'न्यूज'च्या शेवटी एस दिसतो. "शी हॅड हॅड हर लंच" तर लिहिताना माझाच हात अडखळल्यासारखा दाखवते.

बोली फक्त इंग्रजीत, आणि आकडा उच्चाराने कळला पाहिजे. थर्टीन की थर्टी हा गोंधळ पैशांवर बेतला की जोर कुठे द्यायचा ते कान आपोआप शिकतात. वाक्य विकलं गेलं की घेणाऱ्याने उभं राहून सांगायचं, का घेतलं. चुकीचं वाक्य घेतलं असेल आणि त्याने ते तिथल्या तिथे दुरुस्त केलं तर निम्मे पैसे परत. ही सवलत ठेवाच. ती नसेल तर बुडालेला संघ उरलेला तास बाकावर डोकं ठेवून काढतो.

शब्दसाखळी

दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत, नामांची साखळी पुरी करायचा प्रश्न येतो, तेव्हा इंग्रजी अंत्याक्षरी खेळलात तर कोणीही तुम्हाला वेळ वाया घालवला म्हणणार नाही. मुख्याध्यापकांना पटवायला हा खेळ सर्वांत सोपा.

मराठी मुलांची अडचण इथे वेगळी असते. आपली अंत्याक्षरी कानाने चालते, इंग्रजीची साखळी स्पेलिंगने. 'टेबल' म्हटलं की पोरं 'ल' धरून 'लॅम्प' म्हणतात. पण टेबलचं शेवटचं अक्षर ई. म्हणून बोलणाऱ्याने शब्द सांगायचा आणि शेवटचं अक्षर मोठ्याने म्हणायचं: "टेबल, ई." पुढचा: "एग, जी." "गोट, टी." "टायगर, आर." "रोझ, ई." पाच मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात येतं की इंग्रजीत ईने संपणारी नामं फार आणि ईने सुरू होणारी पटकन आठवत नाहीत. मग मुलं मुद्दाम समोरच्यावर ई ढकलायला लागतात. तेव्हा हळूच हुकमी पत्ता दाखवायचा: 'आय', म्हणजे डोळा. ईने सुरू, ईने बंद. संकट जसंच्या तसं परत पाठवता येतं. त्यानंतरच्या आठवड्यात मुलं ईची नामं स्वतः शोधून वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागतात. एका वेळी एकाच शब्दप्रकाराची साखळी चालवा, परीक्षेत नाम मागितलं असताना विशेषण लिहिलं की गुण जातो.

याच्याच शेजारी नाव-गाव-फळ-फूल. ते सगळ्यांनाच येतं. अक्षराऐवजी ठिकाण द्या: बाजार समिती, सीबीएसचा बसस्टँड, रामकुंड, दवाखाना. दोन मिनिटांत त्या ठिकाणाशी जोडलेले जितके इंग्रजी शब्द सुचतील तितके लिहायचे. दुसऱ्या कोणी लिहिलेला शब्द असेल तर पाच, फक्त तुमच्याचकडे असेल तर दहा. दहाच्या लोभाने मुलं 'बस' आणि 'तिकीट' सोडून 'लगेज', 'कंडक्टर', 'डिले' शोधू लागतात.

नकाशा, पण खोटा

जोडीतल्या एकाकडे अ नकाशा, दुसऱ्याकडे ब. अमध्ये ज्या जागा रिकाम्या आहेत त्या बमध्ये भरलेल्या, बमधल्या अमध्ये. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं आणि विचारून विचारून आपला नकाशा पुरा करायचा. "व्हेअर इज द बँक?" "इट इज बिटवीन द स्कूल अँड द टेम्पल." बोट दाखवायचं नाही, मागे वळायचं नाही.

नाशिकचा खरा नकाशा इथे देऊ नका. शालिमार कुठे आणि रविवार कारंजा कुठे हे ज्याला पाठ आहे तो विचारेल कशाला? नावं ओळखीची ठेवा, जागा उलट्यापालट्या करा. अशोकस्तंभ रेल्वे स्टेशनच्या शेजारी, दुतोंड्या मारुती चौथ्या मजल्यावर. मुलांना हसू येतं आणि नीट ऐकावंही लागतं, कारण अंदाज चालत नाही.

बंदी असलेले शब्द

एका मुलाकडे कार्ड. त्यावर एक शब्द आणि त्याखाली चार बंदीचे शब्द. बंदीचे शब्द न वापरता आपल्या संघाला तो शब्द ओळखायला लावायचा. विरुद्ध संघातला एक जण मागे उभा राहून कार्डावर नजर ठेवतो. 'ग्रेप'च्या कार्डावर 'फ्रूट', 'ग्रीन', 'वाइन' आणि 'निफाड' यांना बंदी घाला, मग बघा. "इट इज अ थिंग विच…" आणि "ही इज अ पर्सन हू…" या दोन सुरुवाती फळ्यावर लिहून ठेवा आणि प्रत्येक खूण त्यांतल्या एकीनेच सुरू झाली पाहिजे असं सांगा. रिलेटिव्ह क्लॉजचा धडा यातच होतो. माझ्या वर्गात 'ओनियन'साठी एका मुलीने दिलेली खूण अशी: "इट इज अ थिंग विच मेक्स माय मदर क्राय अँड माय अंकल अँग्री." पहिल्या अर्ध्यावरच संघाने ओळखलं होतं, पण दुसऱ्या अर्ध्याला टाळ्या जास्त पडल्या. त्या वर्षी भाव पडलेले होते.

कार्डं विकत आणू नका. जुन्या लग्नपत्रिका मागवा. एकेका घरातून गठ्ठा येतो, कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी. बंदीचे शब्द मुलांनाच ठरवू द्या. ग्रेप म्हटल्यावर लोकांच्या डोक्यात आधी काय येईल हा विचार करणं, म्हणजेच त्या शब्दाचं गोत शोधणं.

पळतं श्रुतलेखन थोडक्यात: धड्यातला एक उतारा व्हरांड्याच्या भिंतीवर चिकटवा, जोडीतल्या एकाने तिथे जाऊन एक वाक्य लक्षात ठेवायचं, परत येऊन सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. 'कॅपिटल', 'कॉमा', 'फुल स्टॉप' हेही तोंडाने सांगायचं, म्हणजे विरामचिन्हांच्या प्रश्नाची तयारी होते. शेजारच्या वर्गात घटक चाचणी चालू असेल तर पळतंचं चालतं करा. आणि मैदान मोकळं मिळालं तर शनिवारी 'मामाचं पत्र हरवलं' खेळा. पाठीमागे टाकायचा तो कागद म्हणजे औपचारिक पत्राचा एक तुकडा, विषय, मायना, समारोप असा. ज्याला सापडला त्याने तो तारेवर लावलेल्या पत्रात योग्य जागी अडकवायचा आणि पुढचं एक वाक्य म्हणायचं.

प्रोजेक्टरवरच्या प्रश्नमंजूषा मी फारशा घेत नाही. त्या वेगाचे खेळ आहेत. ज्याचं बोट लवकर दाबलं जातं तो जिंकतो, आणि बोट दाबायला इंग्रजी बोलावं लागत नाही. उजळणीला ठीक.

साठ मुलं सांभाळताना

संघ रोज पाडत बसू नका. बाकांच्या रांगा हेच सहामाहीपर्यंतचे संघ. गुण फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, आणि तो कोपरा पुसायचा नाही हे इतर विषयांच्या शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. व्यक्तीला गुण कधीच नाहीत, नेहमी रांगेला. वर्गातला सर्वांत हुशार मुलगा किंवा मुलगी खेळाडू नको, पंच करा. त्याला नियम बारकाईने बघावे लागतात आणि बाकीच्यांना बोलायला जागा मिळते. जी मुलं तोंडच उघडत नाहीत त्यांना ठरलेलं वाक्य असलेली भूमिका द्या. "आय डोन्ट अंडरस्टँड" म्हणणारा संशयित हे त्यांच्यासाठी उत्तम काम. खेळातलं सर्वांत ताकदीचं वाक्य त्यांच्याकडे असतं.

मराठी बोललं म्हणून दंड लावू नका. दंडाच्या भीतीने मुलं इंग्रजी बोलत नाहीत, गप्प बसतात. मसलत मराठीत, चाल इंग्रजीत, एवढा एकच नियम पुरतो.

आवाज होणारच. मी हात वर केला की ज्याने पाहिलं त्याने हात वर करायचा आणि गप्प व्हायचं. ओरडून गप्प करण्यापेक्षा हे लवकर होतं. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर तक्रार वरपर्यंत जात नाही. खेळाचा तास जेवणाच्या सुट्टीआधी घ्या, नंतर घेतलात तर मुलं जडावलेली असतात.

पस्तीस मिनिटांतली पाच नियमांना, अठरा-वीस खेळाला, आणि शेवटची दहा वहीला. ही दहा मिनिटं सोडू नका. घंटाचोरानंतर निकालपत्र, लिलावानंतर दुरुस्त केलेली वाक्यं, नकाशानंतर पाच ओळींचं वर्णन. पालक वही उघडून बघतात आणि वहीत काही नसेल तर शाळेत नुसता दंगा चालतो असं समजतात, तेही एका अर्थाने बरोबरच. शिवाय खेळताना तोंडून निघालेलं वाक्य त्याच दिवशी हाताने लिहिलं गेलं तर टिकतं.

सुरुवात करायची असेल तर शब्दसाखळीने करा, तिला साहित्य लागत नाही. घंटाचोर पहिल्याच आठवड्यात नको. "डिड यू…", "व्हेअर डिड यू…" हे प्रश्न फळ्यावरून दोन-तीन तास म्हणून झालेले असले की मग.

दहावीला ८० गुणांची कृतिपत्रिका आणि २० गुण शाळेच्या हातातले, त्यात तोंडी परीक्षा येते. ती एकेकाला टेबलाजवळ बोलावून, पाठ केलेला परिच्छेद ऐकून घेण्यात जाते. त्याऐवजी दोघांना एकदम बोलवा, घंटा चोरीला गेली म्हणा, एकाला पोलीस करा आणि पाच प्रश्न विचारायला लावा, मग भूमिका बदला. गुण प्रश्नांना द्या, उत्तरांना कमी. तोवर मागे बसलेल्या बाकीच्या मुलांना लग्नपत्रिका आणि कात्री देऊन ठेवा, पुढच्या वर्षीच्या आठवीला लागणारी बंदीच्या शब्दांची कार्डं तेवढ्या वेळात तयार होतात.